शाळेच्या दारात ग्रंथपेटी

(महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या स्मृतिदिनी, ६ फेब्रुवारीला, बौशर येथील मराठी कुटुंबांनी भरवलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



परवा संध्याकाळी नातू मला अल् घुब्रातल्या एका दुकानात घेऊन गेला. त्याला कंपासपेटी हवी होती. दुकानात वह्या, दप्तरं, रंगीत कागद आणि कोपऱ्यात थोडी पुस्तकं होती. पाटीवरचा अरबी शब्द त्याने मला वाचून दाखवला : मक्तबा. "आजी, मक्तबा म्हणजे लायब्ररी." मी म्हटलं, अरे, हे तर दुकान आहे. तो म्हणाला, "दोन्हीला तेच म्हणतात."

तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. जावईबापूंच्या कचेरीतल्या एका ओमानी गृहस्थांनी मला त्याची फोड करून सांगितली. क, त, ब ही तीन अक्षरं म्हणजे लिहिणं. त्यातूनच किताब, त्यातूनच लिहिणारा तो कातिब आणि पुस्तकं ठेवायची जागा ती मक्तबा. पूर्वी गावोगावी मुलांना अक्षरं गिरवायला आणि कुराण म्हणायला जिथे बसवत, त्या शाळेला म्हणायचे कुत्ताब. म्हणजे शाळा आणि ग्रंथालय या भाषेत सख्ख्या बहिणी. एकाच आईच्या लेकी.

आपल्याकडे त्या दोघींची ओळखही नाही, असं मी अनुभवाने सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं सकाळी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होते आणि संध्याकाळी त्याच गावच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसत होते. दोन इमारतींमध्ये चालत सात मिनिटांचं अंतर. शाळेला माहीत नव्हतं वाचनालयात काय आहे आणि वाचनालयाला माहीत नव्हतं शाळेत कोण शिकतं. सकाळी ज्या मुलाच्या हातात मी पुस्तक देऊ शकत होते, तोच मुलगा संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीशी उभा राहायचा, कारण अनामत भरायला घरात पैसे नव्हते आणि जामीन राहायला गावात कोणी नव्हतं. मूल एकच होतं. नोंदवह्या मात्र दोन होत्या, आणि एका वहीत त्याचं नाव होतं, दुसरीत नव्हतं. आज मला एवढ्याचबद्दल बोलायचं आहे.

आज सयाजीराव महाराजांचा स्मृतिदिन आहे. १९३९ साली ६ फेब्रुवारीला ते गेले. त्यांच्याविषयी बोलताना आपण सुधारणा, शिष्यवृत्त्या, बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली मदत यांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा हा शेतकऱ्याघरचा मुलगा, गोपाळ. १८६३ चा जन्म. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला बडोद्याला दत्तक घेतलं तेव्हा त्याचं वय बारा वर्षांचं होतं आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांचं हे वय. त्या वयात त्याने मुळाक्षरांपासून सुरुवात केली. इलियट नावाचे शिक्षक त्याला मिळाले, दिवसाचे तास ठरले, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं एकदम अंगावर आलं. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार हातात आला तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते.

जो माणूस चौथ्या-पाचव्या वर्षी वाचायला शिकतो त्याला वाचता न येण्याचे दिवस आठवत नाहीत. महाराजांना ते आठवत होते. कौळाण्याची गुरं, शेत, आणि कागदावर काय लिहिलंय ते न कळणं हे सगळं त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला वाटतं, पुढे बडोद्यात जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्याला लागू झालं. हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि थांबतो. महाराज थांबले नाहीत. सक्तीच्या शाळेतून मूल अकरा-बारा वर्षांचं होऊन बाहेर पडे, मुलगी तर त्याहून आधीच. घरी गेल्यावर वाचायला काय होतं? काहीच नाही. दोन-चार पावसाळ्यांत ते मूल अक्षर विसरून जाई. राज्याने पैसा खर्च करून दिलेली विद्या शेताच्या बांधावर विरून जात होती. शाळा विहीर खणून देत होती आणि वर रहाट नव्हता, असंच म्हणा.

महाराज अमेरिकेत फिरले होते, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन गावच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला बोलावलं. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, गावोगाव ग्रंथालयांची साखळी बांधायला घेतली गेली. महाराजांनी आपला खासगी संग्रहही मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. पुढे १९३१ मध्ये मांडवीजवळ या ग्रंथालयाची नवी इमारत झाली. ती अजून आहे. पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरशा आहेत तिथे, आणि वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खालच्या पुस्तकांवर उतरतो. कधी बडोद्याला गेलात तर मुलांना तिथे न्या.

आता माझ्या विषयाचा गाभा ऐका. गावात ग्रंथालय काढायचं तर पैशाचे तीन वाटे होते. गावाने वर्गणी जमवायची. तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावाने काहीच घातलं नाही तर सरकारही काही घालणार नाही. यातला शहाणपणा मला नोकरीत असताना पुष्कळदा आठवला. गावाचा पैसा लागला की पुस्तक गावाचं होतं. आणि त्या छोट्या गावांत हे ग्रंथालय सांभाळायला वेगळा माणूस कुठून आणणार? पुष्कळ ठिकाणी शाळामास्तरच ग्रंथालय सांभाळत. सकाळी मुलाला धडा शिकवणारा माणूस संध्याकाळी त्याच्या हातात धड्याबाहेरचं पुस्तक देत होता. त्याला ते मूल माहीत होतं. त्याचा बाप कोणता, ते अडखळतं कुठे, त्याला कशाचं वेड आहे, सगळं माहीत होतं. जगातल्या कोणत्याही कार्डपेटीत ही माहिती नसते.

मोतीभाई अमीन यांचं नाव इथे घ्यायला हवं. पेटलादचे हे शिक्षक. गावोगाव मित्रमंडळं काढून वाचनालयं चालवण्याचं काम त्यांनी राज्याची योजना येण्याआधीच सुरू केलं होतं. सरकारने त्यांना बाजूला सारलं नाही, आपल्या ग्रंथालय खात्यात घेतलं. शिक्षकाला ग्रंथालयात आणायला हवं, हे बडोद्याने फार लवकर ओळखलं.

आणि फिरत्या पेट्या! मध्यवर्ती ग्रंथालयातून लाकडी पेट्या भरून गावांना जात. पुस्तकं निवडून लावलेली, पेटीच कपाट म्हणून उघडायची. वाहतुकीचा खर्च राज्याचा. आगगाडीने, बैलगाडीने पेटी गावात पोचे, वाचून झाली की परत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रं आणि सिनेमाही खात्यातर्फे दाखवत. मुलांसाठी मध्यवर्ती ग्रंथालयात वेगळी खोली होती. मुलांना वाचायला पुस्तकंच नसतील तर खोली काय करायची, हेही महाराजांच्या लक्षात होतं. मराठी आणि गुजराती ग्रंथनिर्मितीसाठी त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी काढला आणि त्यातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला निघाल्या. बॉर्डन गेल्यावर कारभार आला जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाकडे. 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयविषयक त्रैमासिक १९१२ पासून बडोद्याहून निघे, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथपालाचं शास्त्र मराठीत लिहिलं जात होतं, ही गोष्ट मला निवृत्त झाल्यावर कळली. नोकरीत असताना कुणी सांगितली असती तर मला फार बळ आलं असतं.

आता माझ्या गावाकडे येते. शाळेच्या ग्रंथालयात दहा कपाटं होती. नऊ बंद असायची. शाळा वाईट नव्हती, तिच्या भीतीला कारण होतं. पुस्तक हरवलं की जबाबदारी ग्रंथपालावर, तपासणीत दाखल क्रमांक जुळले पाहिजेत, आणि निर्लेखनाची, म्हणजे हरवलेलं-फाटलेलं पुस्तक नोंदीतून काढून टाकण्याची, परवानगी मिळायला वर्षं जातात. अशा व्यवस्थेत शहाणा ग्रंथपाल काय करतो? कुलूप लावतो. मीही लावलं. नोकरीची पहिली चार वर्षं माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि वार्षिक तपासणीत माझं एकही पुस्तक कमी भरलं नाही. त्या चार वर्षांत जी मुलं शाळेतून गेली, त्यांना मी काही दिलं नाही. ते मला आजही सलतं.

पाचव्या वर्षी एक गोष्ट घडली. सातवीतल्या एका मुलीने बाईंच्या टेबलावर पडलेलं एक फाटकं 'किशोर' तीन दिवस रोज मधल्या सुट्टीत उभ्याने वाचून संपवलं. उभ्याने, कारण बसायची परवानगी नव्हती. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतं. मी तिला विचारलं, घरी नेतेस का? ती म्हणाली, "हरवलं तर?" माझीच भीती तिच्या तोंडून बाहेर पडली होती.

त्या संध्याकाळी मी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे अर्ज ठेवला. मागणी साधी होती : शाळेला एक संस्था सभासद करून घ्या. एक अनामत, एक जामीन, तो वर्गशिक्षकांचा. चाळीस पुस्तकं एका वर्गाला एका महिन्यासाठी द्या. मुलांची वेगवेगळी वर्गणी नको, वेगवेगळे फॉर्म नकोत. मंडळाने हे तीन बैठका लांबवलं. हरवलं तर कोण भरणार, हाच प्रश्न तिथेही होता. शेवटी एका ज्येष्ठ सभासदाने लिहून दिलं की पहिल्या वर्षी जेवढी पुस्तकं हरवतील तेवढी मी भरून देईन. पहिल्या वर्षी अकरा हरवली. त्यांनी भरून दिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसंच लिहून दिलं. मी त्यांचं नाव घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

पुस्तकं मीच पिशवीत भरून नेत होते, भाजीच्या दोन पिशव्या, सात मिनिटं. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली तेव्हा त्यांना हळदीचे डाग होते, एकात झेंडूच्या पाकळ्या होत्या, एकाचं मलपृष्ठ शेळीने खाल्लं होतं. आणि मुलांच्या मागण्या आल्या. आम्ही मोठ्यांनी त्यांच्यासाठी चरित्रं आणि बोधकथा निवडल्या होत्या. त्यांना सापांवरचं पुस्तक हवं होतं, कारण उसात साप निघतात. मोटर कशी चालते ते हवं होतं, कारण विहिरीवरची मोटर जळाली की बाप दोन दिवस घरात बोलत नाही. एका मुलाला फक्त नकाशांचं पुस्तक पाहिजे होतं. शाळेला वाटत होतं मुलांना वाचनाची गोडी नाही. वाचनालयाला वाटत होतं गावात बालवाचकच नाहीत. दोघांनाही मुलांनी काय मागितलं ते ऐकू आलं नव्हतं, कारण मागायला जागाच नव्हती.

हे फक्त माझ्या गावाचं नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्या कायद्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. एवढं मोठं जाळं देशातल्या फार थोड्या राज्यांत आहे. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत, असं लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला तिच्या स्तराप्रमाणे पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळतं. म्हणजे दोन्ही बाजूंना कायदा आहे, पैसाही आहे, थोडा का होईना. पण सार्वजनिक ग्रंथालयं उच्च आणि तंत्र शिक्षण विभागाखाली येतात आणि शाळा शालेय शिक्षण विभागाखाली. दोन विभागांचे कागद वेगळ्या वाटेने जातात. तालुक्याच्या गावी ग्रंथालयाचा कार्यवाह आणि शाळेचा मुख्याध्यापक एका चहाच्या टपरीवर भेटतात, पण कामासाठी भेटावं असं त्यांना सांगणारा एकही आदेश मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही. बडोद्याच्या पुष्कळ गावांत हे दोघं एकच माणूस होते.

बाहेरच्या जगात याची उदाहरणं जुनी आहेत. अमेरिकेतल्या वुस्टर गावचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८८० च्या आसपास तिथल्या शिक्षकांबरोबर बसून, वर्गात काय शिकवलं जातंय ते विचारून, त्याप्रमाणे पुस्तकांचे संच शाळेत पाठवायला सुरुवात केली. अगदी अलीकडे, २००९ मध्ये, नॅशव्हिल शहरात सार्वजनिक ग्रंथालय आणि महापालिकेच्या शाळा यांनी मिळून एक योजना काढली. शाळेचं ओळखपत्र हेच मुलाचं ग्रंथालयाचं कार्ड. मूल शाळेतूनच पुस्तक मागतं आणि ग्रंथालयाची गाडी ते शाळेत आणून देते. वेगळा फॉर्म नाही, अनामत नाही, जामीन नाही. हे वाचलं तेव्हा मला माझ्या भाजीच्या पिशव्या आठवल्या आणि फार आनंद झाला. गाडी मोठी आहे एवढंच, वाट तीच आहे.

आता बौशर. मी इथे पाहुणी आहे, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेली. इथल्या संस्थांबद्दल अधिकाराने बोलावं इतकं मला माहीत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलंच सांगते. १९७० साली या देशात तीन शाळा होत्या आणि नऊशेच्या आसपास विद्यार्थी, सगळे मुलगेच. आज रस्त्याने जाताना जिथे पाहावं तिथे शाळेच्या बस दिसतात. पन्नास-पंचावन्न वर्षांत झालेला हा बदल आहे, आणि सयाजीरावांना तो पाहून फार समाधान वाटलं असतं. याच बौशर भागात सुलतान काबूस भव्य मशीद आहे. २००१ मध्ये ती उघडली. तिच्या आवारात वीस हजारांच्या आसपास ग्रंथांचं ग्रंथालय आहे. प्रार्थनेच्या जागेला लागून वाचनाची जागा, हे मला खूप भावलं. आपल्याकडेही देवळात पोथ्या असत, पण त्या सोवळ्यात असत.

इथली आपली मुलं अल् घुब्रातल्या, बौशरमधल्या भारतीय शाळांत जातात. माझा नातूही जातो. नऊ वर्षांचा आहे. इंग्रजी पुस्तकं एका बैठकीत संपवतो. घरी मराठी बोलतो, छान बोलतो, आजोबांशी फोनवर भांडतोही मराठीतच. मी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याच्यापुढे मराठी गोष्टीचं पुस्तक ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "मला मराठी वाचता येत नाही." मला वाईट वाटलं. मग मी फक्त एक ओळ त्याला वाचायला सांगितली. आणि त्याने वाचली! हळूहळू, पण वाचली. कारण शाळेत त्याला हिंदी आहे. देवनागरी त्याला येते, ती मराठीचीही लिपी आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो 'ळ' पाशी थांबला, तो त्याला हिंदीत भेटत नाही. 'चमचा' त्याने 'च्यमच्या' सारखं वाचलं, मग स्वतःच हसला, कारण तो शब्द त्याच्या कानाला रोजचा आहे. 'आहे' ला तो अडला नाही. 'नाहीये' ला अडला आणि मग त्याचा चेहरा उजळला, कारण हे तर तो दिवसातून शंभर वेळा म्हणतो.

मंडळी, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे. परदेशातल्या मराठी मुलांना वाचायला शिकवायचं म्हणजे वर्ग काढायचे, शिक्षक शोधायचे, अभ्यासक्रम बनवायचा, असं आपण धरून चालतो. आणि ते ओझं उचलत नाही म्हणून थांबतो. अमेरिकेत ते खरंच तसं असेल, तिथल्या मुलाला देवनागरी शून्यापासून शिकावी लागते. बौशरमध्ये तसं नाही. हिंदीच्या तासाला शाळेने अर्धं काम तुमच्यासाठी करून ठेवलेलं आहे. अक्षर शाळेचं, बोली घरची. मधे पुस्तक ठेवायचं उरलंय. शाळा अक्षर देईल आणि ग्रंथालय ते विरू देणार नाही : ज्या कामासाठी महाराजांनी सगळं राज्य कामाला लावलं, ते काम इथे एका पेटीने सुरू होऊ शकतं.

आणि पेटी नवीन नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. वाचकांच्या एका गटाला पुस्तकांची एक पेटी, ठरावीक महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्याकडे. पुढे ती परदेशात दुबईला गेली, आणि इथे ओमानलाही आली. बडोद्याची लाकडी पेटी विमानाने अरबी समुद्र ओलांडून आली, असं मला वाटतं, आणि ती आमच्या नाशिकहून निघाली याचा मला अभिमान आहे.

फक्त एक गोष्ट बदला, अशी माझी विनंती आहे. पेटी आपण घरांत फिरवतो. ज्या घरात आई-वडील वाचतात त्या घरात ती जाते. ज्या घरात वाचत नाहीत, जिथे दोघंही सकाळी सातला बाहेर पडतात, जिथे वडील एकटे इथे आहेत आणि मूल काही वर्षांसाठीच आलं आहे, त्या घराचं दार तिला सापडत नाही. शाळेला मात्र प्रत्येक मूल सापडतं. म्हणून पेटी शाळेत न्या. मुख्याध्यापकांना भेटा, लागेल ती परवानगी रीतसर घ्या, पुस्तकांची यादी आधी दाखवा. शाळेच्या ग्रंथपालांना सांगा की एका फळीएवढी जागा पुरे, नोंदवही आमची, हरवलं तर भरून देणं आमचं. हे शेवटचं वाक्य पहिल्यांदा म्हणा. मी सांगते, त्या वाक्यावाचून कुलूप उघडत नाही.

आणि हिंदीच्या शिक्षिकेला भेटा. ती केरळची असेल, उत्तर प्रदेशची असेल, तिला मराठी येत नसेल. तिला एवढंच विचारा की हिंदीच्या तासाला कोणती मराठी मुलं देवनागरी सहज वाचतात आणि कोणती अडखळतात. ती सांगेल. ती त्या मुलांना ओळखते, पेटलादच्या मोतीभाईंसारखी. तिने नाव दिलेल्या मुलाच्या हातात तुम्ही पुस्तक द्या, मोठ्या टाइपाचं, कमी मजकुराचं, आणि कृपा करून सुरुवातीला बोधकथा देऊ नका. ते काय मागतात ते विचारा. माझ्या नातवाने खेकड्यांवरचं पुस्तक मागितलंय, कारण समुद्रकिनाऱ्यावर त्याला रोज खेकडे दिसतात. मराठीत तसं पुस्तक सापडेपर्यंत मी त्याला 'किशोर'चे जुने अंक वाचायला बसवते. ते बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. पण पुस्तक हातात धरायला लागतंच. त्याच्या मागच्या पानावर दुसऱ्या मुलाने पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असायला लागतं.

दर वर्षी उन्हाळ्यात तुम्ही सगळे गावी जाता. परत येताना बॅगेत चिवडा असतो, लोणचं असतं, गोडा मसाला असतो. प्रत्येक घराने त्यात दोन बालपुस्तकं घाला. दोन पुस्तकांचं वजन पाव-अर्धा किलो होईल. पन्नास घरांची शंभर पुस्तकं झाली तर दोन शाळांना पुरतील. बडोद्याचा तीन वाट्यांचा हिशोब इथेही चालेल : एक वाटा घरांचा, एक तुमच्या इथल्या मंडळाचा, एक शाळेने दिलेल्या जागेचा.

मी येताना सतरा पुस्तकं आणली आहेत. बारा माझ्या जुन्या वाचनालयाने दिली, पाच माझ्याकडची आहेत. त्यांना मी कालच दाखल क्रमांक घातले, एक ते सतरा. त्या दाराशेजारच्या टेबलावर ती आहेत, शेजारी नोंदवही आहे. व्याख्यान संपल्यावर इथल्या शाळांतले कुणी शिक्षक आले असतील तर त्यांनी आधी माझ्याकडे यावं. वहीच्या पहिल्या पानावर सभासदाच्या नावाची पहिली ओळ मी शाळेसाठी मोकळी ठेवली आहे. मुलांनी तोवर पुस्तकं हाताळायला हरकत नाही. पानं दुमडली तरी चालतील.